मोठ्या खाऱ्या मत्स्यालयातील खडकरचना आणि स्थलांतर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील ‘जिवंत खडक’ केवळ शोभेसाठी नसतात. त्यांच्या सच्छिद्र अंतर्भागात वसलेले जिवाणू माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करीत असल्यामुळे, मोठ्या टाकीत जाताना जुन्या पाण्यापेक्षा हे खडक ओले राखून नेणे अधिक महत्त्वाचे ठरते. मोठे खडक थेट तळावर टेकवून मग भोवती वाळू पसरावी, कारण बिळे करणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी वाळूतला आधार पोखरतात व ढासळलेला खडक काचेला तडा देऊ शकतो. जुनी वाळू, मोह कितीही झाला तरी, जशीच्या तशी उचलू नये; तिच्या खालच्या थरांतील गाळ ढवळला की अमोनिया एकाएकी वाढू शकतो. प्राणी हलवण्यापूर्वी दोन्ही टाक्यांचे तापमान व क्षारता, म्हणजे सुमारे १.०२५ सापेक्ष घनता, जुळवावी. तारामाशांना शरीरातील क्षारांचे संतुलन माशांप्रमाणे राखता येत नसल्याने त्यांच्या भांड्यात नवे पाणी थेंबाथेंबाने मिसळावे लागते. हद्दीसाठी भांडणारे मासे सर्वांत शेवटी सोडावेत.