पटावरचें रणांगण आणि आकाशांतील दृष्टि

बुद्धिबळाच्या पटास चौसष्ट घरें असतात, आणि त्यांतील प्रत्येक घर दुसऱ्यासारखेंच असतें. पूर्वी या खेळास चतुरंग म्हणत. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ हीं सैन्याचीं चारही अंगें त्यांत आलीं; परंतु ज्या भूमीवर सैन्यें लढतात ती भूमि मात्र पटावर आली नाहीं. पटावर ना ओढा, ना टेकडी, ना चिखल. प्रत्यक्ष युद्धांत पुष्कळ वेळां अर्धा निकाल भूमीच लावून ठेवते. कौटिल्यानें हें पुरतेपणीं ओळखलें होतें. अर्थशास्त्राच्या ‘सांग्रामिक’ नांवाच्या दहाव्या अधिकरणांत रथास कोणती भूमि योग्य, घोड्यास कोणती, हत्तीस कोणती, याचा स्वतंत्र विचार त्यानें केला आहे. खेळाच्या पटावर ही भूमि उतरण्यास मात्र पुढें पुष्कळ शतकें जावीं लागलीं.

तो मान प्रशियाकडे जातो. १८१२ सालीं फॉन राइसवित्झ नांवाच्या गृहस्थानें तेथील राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास युद्धक्रीडेचें एक टेबल नजर केलें. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते दाखविणारे तुकडे हवे तसे मांडतां येत. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ सालीं तुकडे बाजूस सारून खऱ्या प्रदेशाचे मोठ्या प्रमाणावरील नकाशेच पट म्हणून घेतले आणि खेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. या खेळांत एक पंच असे. दोन्ही पक्षांना जें दिसणें शक्य असेल तेवढेंच तो त्यांना सांगे. संपूर्ण स्थिति एकट्या पंचासच ठाऊक असे. पुढें सैनिकी शिक्षणांतून हा खेळ घरोघरच्या दिवाणखान्यांत आला. १९१३ त इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें खेळण्यांतल्या शिपायांसाठीं नियमांचें पुस्तक लिहिलें, आणि १९५४ त अमेरिकेंत चार्ल्स रॉबर्ट्स यानें छापील पटाचा असा खेळ विक्रीस काढला. आज आपल्या शहरांतील तरुणही हे खेळ खेळतात. घरांतील वडील मंडळींना तो कदाचित् पोरखेळ वाटत असेल. परंतु त्यांच्यापैकीं कांहीं जण पट तयार करण्यासाठीं जें परिश्रम करतात ते पाहिले, म्हणजे त्यांत भूगोलाचा व इतिहासाचा अभ्यास किती आहे हें ध्यानांत येतें.

या अभ्यासाचें मुख्य साधन म्हणजे उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें. १९७२ च्या जुलैंत अमेरिकेचा पहिला लँडसॅट आकाशांत गेला. त्याच्या चित्रांतला एकेक ठिपका जमिनीवरील सुमारें ऐंशी मीटरांचा होता. म्हणजे एखादें गांव दिसावें, घर दिसूं नये. आपल्या देशाचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदी उपग्रह १९८८ च्या मार्चांत गेला, आणि २००५ सालच्या कार्टोसॅट-१ यानें अडीच मीटरांपर्यंत मजल मारली. त्याच २००५ सालीं गूगल अर्थ व २००९ सालीं इस्रोचें ‘भुवन’ सुरू झालें, आणि पूर्वी केवळ सरकारदरबारीं असणारी ही दृष्टि सामान्य माणसाच्या हातीं आली. भूमीच्या उंचसखलपणाचें कामही असेंच झालें. २००० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानानें अकरा दिवस रडारनें पृथ्वीचें मापन केलें. त्यांतून जगाच्या बहुतेक भूभागाच्या उंचीचे आंकडे मिळाले, आणि आज ते तीस-तीस मीटरांच्या चौकटींत कोणासही विनामूल्य घेतां येतात.

या साधनाचा उपयोग कसा होतो हें एका खऱ्या रणभूमीवरून पाहूं. ती भूमि आपल्याच जालना जिल्ह्यांतील आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची लढाई झाली, आणि जगभरचे युद्धक्रीडेचे शौकीन आजही ती पटावर मांडतात. उपग्रहचित्रांत तो प्रदेश काढला, कीं पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती दोन नद्यांची. इंग्रजी वृत्तांतांत त्यांना कैलना व जुआ म्हटलें आहे. पश्चिमेकडून येऊन त्या पूर्वेस एकमेकींना मिळतात, आणि त्यांच्या मध्यें जिभेसारखी एक चिंचोळी भूमि राहते. शिंदे-भोसल्यांचें सैन्य या दुआबांत कैलनेच्या उत्तर तीरावर दक्षिणेकडे तोंड करून उभें होतें. पोलमन याच्या हुकुमांतील कवायती पायदळ सुमारें १०,८०० आणि तोफा शंभरांच्या घरांत. समोर नदी, पाठीशीं नदी, तोफा काठावर रोखलेल्या. जागा विचारपूर्वक निवडलेली होती, हें चित्र पाहतांच पटतें.

दक्षिणेकडून आलेला आर्थर वेलस्ली थोड्या फौजेनिशीं समोर उभा होता. कर्नल स्टीव्हन्सन याची दुसरी फौज अद्याप येऊन मिळाली नव्हती. वाटाड्यांनीं त्यास खात्रीनें सांगितलें, कीं जवळपास नदीस उतार नाहीं. परंतु शत्रूच्या डाव्या बगलेपलीकडे, पूर्वेच्या अंगास, त्याला दुर्बिणींतून दोन गांवें दिसलीं; एक या तीरावर आणि दुसरें बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या तीरावर. त्यानें मनाशीं ताडलें, कीं दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं आहेत त्याअर्थीं त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. न्यायशास्त्रांत धूर पाहून अग्नीचें अनुमान करतात, त्याच जातीचें हें अनुमान होय. तें खरें ठरलें. उतारावरून त्याची फौज पार झाली आणि जिभेच्या निमुळत्या टोंकांत शिरली. आतां डावी बगल कैलनेनें राखली, उजवी जुआनें. थोड्या सैन्याला हवी तितकीच चिंचोळी आघाडी मिळाली.

हें अनुमान आज उपग्रहचित्रावरही करतां येतें. उतार प्रत्यक्ष दिसत नाहीं. पाण्याखालचा खडक किंवा वाळू सहसा चित्रांत येत नाहीं. परंतु दोन्ही तीरांवरून येणाऱ्या गाडीवाटा पात्राच्या एकाच ठिकाणीं येऊन टेकलेल्या असल्या, तर तेथें उतार होता असें समजावें. पूल नंतर झाला तरी जुनी वाट बहुधा शेतांच्या बांधांतून आपला माग ठेवते. चित्र पाहणें निराळें आणि चित्र वाचणें निराळें, तें असें.

पोलमननेंही आपल्याकडून त्वरा केली. सारी फळी काटकोनांत फिरवून त्यानें ती पूर्वाभिमुख केली. एक टोंक कैलनेपाशीं, दुसरें जुआच्या कांठच्या असई गांवापाशीं. गांवाच्या भिंतींच्या आश्रयानें झालेल्या माऱ्यांत इंग्रजांच्या उजव्या बाजूची चौऱ्याहत्तरावी पलटण अक्षरशः कापली गेली. शेवटीं मैदान वेलस्लीच्या हातीं राहिलें आणि ९८ तोफा त्याला मिळाल्या. परंतु मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून त्याचीं १,५८४ माणसें गेलीं, त्यांतील ४२८ ठार झालीं होतीं.

पटावर ही लढाई मांडतांना प्रमाण ठरवावें लागतें. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर धरले, तर सहा फूट लांब व चार फूट रुंद टेबलावर सुमारें नऊ किलोमीटर गुणिले सहा किलोमीटरांचा प्रदेश बसतो, आणि तेवढ्यांत संगम, उतार व असई हीं तिन्ही सुखानें येतात. मात्र येथें दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत.

पहिली उंचीविषयींची. तीस मीटरांच्या चौकटीस एकच आंकडा मिळतो, तेव्हां नदीचा दोन पुरुष उंचीचा उभा कांठ त्या सरासरींत बुडून जातो. आंकड्यांवर विसंबून पट केला तर सारा प्रदेश ताटासारखा सपाट भासेल, आणि तोफेचा गाडा जेथें अडायचा तेथें तो बिनदिक्कत पार होईल. असे कांठ वृत्तांतांवरून व जमिनीवरील छायाचित्रांवरून हातानेंच घालावे लागतात.

दुसरी सावधगिरी काळाची. उपग्रह आजचें दाखवितो, १८०३ चें नव्हे. दोनशें वर्षांत गांवें पसरलीं, सडका झाल्या, विहिरींवर बागाईत वाढली, ओढ्यानाल्यांना बांध पडले. पुन्हा ऋतूचाही प्रश्न आहे. एप्रिलांतल्या चित्रांत कोरडी दिसणारी नदी पाहून कोणी म्हणेल, कीं उताराची एवढी कथा कशास! लढाई सप्टेंबरांतली, पावसाळा सरतांनाची, हें विसरून चालणार नाहीं. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचीं चित्रें दर थोड्या दिवसांनीं मिळतात, म्हणून त्याच भूमीचीं निरनिराळ्या ऋतूंतलीं रूपें शेजारीं ठेवून पाहावीं. मागें जावयाचें असेल तर अमेरिकेच्या ‘कोरोना’ नांवाच्या हेरगिरीच्या उपग्रहांनीं १९६० ते १९७२ या काळांत घेतलेलीं चित्रें १९९५ सालीं खुलीं करण्यांत आलीं. पुढें धरणांखालीं गेलेलीं खोरीं त्यांत अजून कोरडीं आहेत.

कांहीं खेळाडू ऐतिहासिक लढाई न घेतां काल्पनिक राज्यें रचतात. त्यांनाही खरी भूमि फार शिकविते. कल्पनेनें काढलेल्या नकाशांत एकच नदी डोंगरांतून निघून दोन समुद्रांना मिळते, डोंगर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सुटे उभे राहतात आणि नगरें पाण्यापासून दूर वसतात. सृष्टि असें वागत नाहीं. सह्याद्रीचें चित्र पाहावें: पश्चिमेस तुटलेला कडा, आंखूड व वेगवान नद्या, पूर्वेस मंद उतार, शेंकडों कोस वाहणाऱ्या नद्या, आणि कडा उतरण्याच्या मोजक्या घाटवाटा. त्या वाटांच्या माथ्यावर किल्ले कां आले हें मग कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. हा प्रदेश निराळ्या नांवांनीं पटावर घातला तरी त्यावरचें राज्य खरें वाटतें, कारण त्याच्या खालची भूमि खरी असते.

या उद्योगाचें मोल मला वाटतें तें असें. आपल्या पराभवांचीं कारणें सांगतांना आपण बहुधा दैव, फितुरी आणि घरभेद या तीन शब्दांवर थांबतों. त्यांत तथ्य असतेंच. परंतु तेथेंच थांबल्यानें शिकण्यासारखें कांहीं हातीं लागत नाहीं. असईच्या पटावर जो तरुण पोलमनच्या बाजूनें बसेल, तो पहिल्या डावांत नदीवर विसंबेल; दुसऱ्या डावांत मात्र त्या दोन गांवांपाशीं चौकी ठेवील. एका न राखलेल्या उतारानें त्या दिवशीं केवढें दार उघडलें, हें त्यास पुस्तकाच्या दहा पानांनीं कळलें नसतें तें तेथें कळेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भोसल्यांना देवगांवचा आणि शिंद्यांना सुर्जी-अंजनगांवचा तह करावा लागला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या उताराची किंमत समजते.

मात्र एक गोष्ट पट मांडणारानें विसरूं नये. उंचावरून पाहतांना माणसें दिसत नाहींत. दोन्ही बाजूंच्या पायदळांत बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते, आणि पटावरचा एक ठोकळा म्हणजे त्यांतलीं शेंकडों घरें. आकाशांतील दृष्टीनें भूमीचें ज्ञान होतें; त्या भूमीवर पडलेल्यांची आठवण ठेवण्याचें काम पाहणाराच्याच मनानें करावयाचें असतें. तें ज्याच्याकडून होतें, त्याचा हा खेळ विद्येच्या पदवीस पोंचतो.