टायरचं वय किलोमीटरमध्ये मोजू नका

"गाडी चाललीच कुठे? सात वर्षांत जेमतेम अठरा हजार किलोमीटर. टायर अगदी नवे आहेत." सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवात, अगदी टायरच्या दुकानातसुद्धा हे ऐकू येतं. बोलणारी माणसं बेफिकीर नसतात. विमा वेळेवर भरतात, सर्व्हिसिंग चुकवत नाहीत. या गैरसमजाची चीड येते ती त्यामुळेच, कारण काळजी घेणारा माणूसच त्यात फसतो. टायर गोटा झाला की बदलायचा, खाचा आहेत तोवर चालवायचा, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

टायर दोन तऱ्हांनी संपतो. रस्त्यावर घासून झिजतो, ते दिसतं. जागच्या जागी जुना होतो, ते दिसत नाही. आत दाबाने भरलेली हवा रबरातून अतिशय संथपणे बाहेर झिरपत असते. तिच्यातला ऑक्सिजन पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो आणि त्या पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर वर्षागणिक कडक, ठिसूळ होत जातं. यासाठी गाडी चालावी लागत नाही. उलट रबरात मिसळलेली संरक्षक द्रव्यं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतात. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला तेवढंही संरक्षण नीट मिळत नाही. मग कधीतरी भर वेगात वरचा थर आतल्या पट्ट्यांपासून सुटतो. खाचा किती खोल होत्या, याला त्या क्षणी काही अर्थ उरत नाही.

उष्णतेने ही क्रिया वेग घेते. ज्यांना शंका असेल त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ साली तिथल्या काँग्रेसला दिलेला अहवाल पाहावा. त्यात एका मोठ्या विमा कंपनीच्या नोंदी आहेत. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सस या पाच उष्ण राज्यांत कंपनीच्या २७ टक्के पॉलिसी होत्या, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथूनच आले. त्या दाव्यांपैकी ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरचे होते. अकोला, चंद्रपूर, नागपूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे आकडे परके वाटू नयेत.

१० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या हाइंडहेडजवळ, संगीत महोत्सवाहून तरुणांना घेऊन परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जणांचा जीव गेला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षाही जुना. त्यात अठरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या एका आईने पुढची अनेक वर्षं लढा दिला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनने ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी घातली. आपल्याकडचा नियम मात्र खाचांची खोली पाहतो. कारसाठी ती किमान १.६ मिलिमीटर हवी. समृद्धी महामार्गावर गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या गेल्या, ते योग्यच झालं. पण खोल खाचांचा नऊ वर्षांचा टायर त्या तपासणीतून सहज सुटतो.

आणि "गाडी चालत नाही" म्हणणाऱ्यांची गाडी निघते कधी? गणपतीला कोकणात, नाहीतर मे महिन्यात, पाच माणसं, डिकी भरलेली, भर दुपारी शंभरच्या वेगात. सर्वांत म्हाताऱ्या टायरवर सर्वांत मोठा भार आपण नेमका त्याच दिवशी टाकतो.

वय कळायला मेकॅनिक लागत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून चाकापाशी बसा. टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरं सापडतील. त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २२१७ म्हणजे २०१७ सालातला बाविसावा आठवडा. आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतील. चाकं पूर्ण वळवून किंवा गाडी वर चढवून बघा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे ते कसेही दिसत असले तरी काढावेत, असं मिशेलिन सांगते. अनेक कारकंपन्या सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. आपलं ऊन बघता मी सहाच धरेन. बाजूला फुगा आला, खाचांच्या तळाशी भेगा दिसल्या किंवा एका ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागली, तर सहा वर्षांचीही वाट पाहायची नाही.

बाकीचे समज थोडक्यात. स्टेपनी वापरलीच नाही म्हणून ती नवी राहत नाही. हवा भरून ठेवलेली स्टेपनीही जुनी होते. नायट्रोजन भरल्याने म्हातारा टायर तरुण होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे: कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. हवा गार टायरमध्ये, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असेल तेवढीच भरा. पॉलिशने काळाभोर केलेला टायर फक्त काळा होतो. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा, पुढे नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी सावरणं फार कठीण जातं.

नवा टायर रिमवर चढवण्याआधी ते चार आकडे स्वतः वाचा. काढलेले जुने टायर दुकानात तसेच सोडू नका. त्यांच्यात पुन्हा खाचा कोरून, काळं फासून ते जुन्या बाजारात विकले जातात. समोर उभं राहून त्यांच्या बाजू कापून घ्या आणि मगच द्या.