आटपाडीची बिनभिंतीची वसाहत

सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे, माणदेशाच्या अवर्षणप्रवण मुलखात, स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत असून तिथे कैद्याला बायकोमुलांसह राहता येते, ही बाब तुरुंगाच्या रूढ कल्पनेला छेद देणारी असल्याने तिथला दिनक्रम जवळून पाहण्याजोगा आहे. पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना उचलून धरत औंध संस्थानाने 1939 मध्ये हा प्रयोग सुरू केला आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा चित्रपट त्यावरूनच निघाला.

येथे येतो तो शिक्षाबंदी, म्हणजे दोष सिद्ध होऊन शिक्षा भोगणारा कैदी. बंद कारागृहातील त्याची वर्तणूक पाहून त्याची निवड होते. काम शेतीचे असते आणि हजेरी चुकवता येत नाही; मात्र नजर पुन्हापुन्हा वळते ती चुलीकडे. इतर कारागृहांत कैद्याच्या वाट्याला येणाऱ्या जेवणाला ‘भत्ता’ म्हणतात. येथे बायको भाकरी थापते, बाप खुरपे बाजूला ठेवून जेवायला बसतो, आणि त्याने भाकरीचा पहिला तुकडा पोराच्या हाती दिला तरी त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एरवी कैद्याच्या घरावर न्यायालयाने न सुनावलेली शिक्षा बसते: कमावता हात जातो, वकिलाची फी आणि तारखेला बुडणारा रोज यांत दागिने गहाण पडतात, जाळीआडच्या मुलाखतीत (भेटीला तुरुंगात हाच शब्द आहे) मोजक्या मिनिटांत सारे बोलून घ्यावे लागते, आणि आळीत कुजबूज सुरू झाली की बहिणीची ठरलेली सोयरीकही मोडते. अशा घरी परतणाऱ्याला काम आणि भाड्याची खोली मिळणे अवघड होते, तर स्वतंत्रपुरातून सुटणारा माणूस संसार चालू ठेवूनच बाहेर पडतो.

तथापि या वसाहतीची क्षमता सांगितली जाते ती अवघी 28 कैद्यांची. 2022 अखेर महाराष्ट्राच्या कारागृहांत चाळीस हजारांहून अधिक बंदी होते. त्याच वर्षाच्या आकडेवारीनुसार देशभरातील बंद्यांपैकी 75.8 टक्के न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, असल्याने त्यांच्या कुटुंबांना हे दार मुळातच बंद आहे. आठ दशके चाललेला प्रयोग 28 वरच थांबत असेल, तर उणीव प्रयोगात नसून शासनाच्या इच्छाशक्तीत आहे, आणि प्रत्येक महसूल विभागात अशी किमान एक वसाहत उभारणे हे त्यावरचे पहिले पाऊल ठरेल.