हाडांची कैफियत

लहान मूल लंगडू लागले की वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम येतो तो खेळातल्या दुखापतीचा किंवा वाढत्या वयाच्या दुखण्याचा विचार, आणि बहुधा तो यथार्थही असतो. परंतु रक्ताचा कर्करोग म्हणून जी व्याधी आपण ओळखतो, ती मुलांच्या बाबतीत आपली पहिली वर्दी कित्येकदा हाडांमार्फत देते.

यात वस्तुतः नवल नाही. रक्तपेशींचा जन्म अस्थिमज्जेत होतो, हे क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी 1868 मध्येच दाखवून दिले होते. प्रौढांत ही रक्तोत्पादक मज्जा मुख्यतः धडाच्या हाडांपुरती उरते, बालवयात मात्र ती हातापायांच्या लांब हाडांतही भरलेली असते. म्हणून तेथे विकृत पेशींची दाटी झाली आणि हाडावरचे संवेदनशील आवरण उचलले गेले, म्हणजे गुडघे, नडग्या, पाठ दुखू लागते. क्ष-किरणचित्रात कधी वाढीच्या टोकाशी आडवा विरळ पट्टा दिसतो (इतर गंभीर आजारांतही तो दिसत असल्याने एवढ्यावरून निदान ठरत नाही), कधी हाड पोखरलेले आढळते, तर कधी पाठीचे मणके चेपलेले असतात. कॅनडातील एका अभ्यासात तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या 186 मुलांपैकी 29 मुलांच्या मणक्यांना निदानाच्या वेळीच असे अस्थिभंग झालेले होते.

खरी अडचण अशी, की आरंभी रक्ततपासणी जवळजवळ निर्दोष येऊ शकते आणि मुलाच्या दप्तरी संधिवाताची नोंद होते. अशा वेळी चिकित्सकाने तारतम्याने पाहावे लागते: सांध्याच्या सुजेच्या मानाने वेदना फार आहे काय, ती मुलाला रात्री झोपेतून उठवते काय, दिवसाही ते चालण्यास नकार देते काय. वाढीचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल पुन्हा बागडू लागते. शिवाय, दाह वाढला असता संधिवातात सहसा वाढणाऱ्या प्लेटलेट येथे कमी किंवा जेमतेम असतात, हा दाखला मला विशेष मोलाचा वाटतो.

संशयाला जागा असेल तर मज्जेची तपासणी झाल्याखेरीज स्टिरॉइड देऊ नये, असा आग्रह तज्ज्ञ धरतात तो याचसाठी, की हे औषध ल्युकेमियाच्या उपचाराचाही भाग असल्याने वेदना तात्पुरती शमते, मज्जेतील विकृत पेशी काही काळ लोपतात आणि मूळ व्याधी मात्र तशीच राहून योग्य उपचाराचा काळ निसटतो.