परसातील अनोळखी कंद : कळलावी

पावसाळ्याच्या आरंभी परसातील किंवा कुंपणालगतची जमीन खणताना कधी कधी रताळ्यासारखा कंद सापडतो. तो कळलावीचा, म्हणजेच खड्यानागाचा असू शकतो. रताळे समजून तो खाल्ल्यास जिवावर बेतते. त्यातील कॉल्चिसीन हे विष शिजविल्यानेही नाहीसे होत नाही.

हा कंद लांबट, आतून पांढरा व बहुधा नांगरासारखा वाकलेला असतो; म्हणूनच संस्कृतात यास ‘लांगली’ म्हणतात. तथापि केवळ कंदावरून निर्णय करू नये व चव तर मुळीच घेऊ नये. वेल पाहावी. कळलावीच्या पानाचे टोक दोऱ्याप्रमाणे लांबून आधारास गुंडाळते. फुलांच्या पाकळ्या नागमोडी कडांच्या, वर वळलेल्या, प्रथम पिवळ्या व पुढे तांबड्या होतात. रताळ्याच्या पानास लांब देठ असतो. टोक असे गुंडाळत नाही.

कंद पोटात गेल्यास काही तासांनी ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. ते थांबले तरी धोका टळत नाही. लक्षणांची वाट न पाहता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व उरलेला कंद वेलीसह डॉक्टरांस दाखवावा.

ग्रामसेवकांनी फुलोऱ्याच्या दिवसांत ही वेल गावकऱ्यांस, विशेषतः मुलांस, प्रत्यक्ष दाखवून ठेवावी.