कॅलेंडरवरच्या फुल्या

"आई, पुन्हा गेलं!"

संध्याकाळचे साडेसात वाजलेले. माझ्या एका हातात धाकटीच्या शाळेच्या शर्टाची कॉलर, दुसऱ्या हातात इस्त्री. आतल्या खोलीतून ही हाक आली, की आमच्या घरात ठरलेलं नाटक सुरू व्हायचं. मुलगा डोक्याला हात लावून बसायचा. त्याचे बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "फेक ना बापा ते खोकं इरईत!" आणि मी, इस्त्री न थांबवता, "दिवसरात्र गेम खेळशील तर असंच होईल," म्हणून मोकळी व्हायची.

मैत्रिणींनो, त्या नाटकात चूक कोणाची होती, ते मला कळायला पुढे तीन महिने लागले. ते कसं कळलं, तेच आज सांगणार आहे.

आमचा कॉम्प्युटर दुकानातून आयता आणलेला नाही. मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुटीत त्याने एकेक भाग मागवला आणि बैठकीत जुने पेपर पसरून स्वतःच्या हाताने जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड आणि या सगळ्यांना वीज वाटून देणारा एसएमपीएस. एकूण खर्च अठ्ठावन्न हजार. त्यातले तीस हजार माझ्या भिशीचे. पहिल्यांदा पडद्यावर उजेड आला तेव्हा पोराचा चेहरा असा फुलला, की मी पाडव्याला त्या खोक्यालाही हळदकुंकू वाहिलं.

दोन-तीन महिने सुखाचे गेले. फेब्रुवारीत कुरबुर सुरू झाली. अभ्यासाचं काम करताना काही नाही, पण गेम सुरू केला की वीस मिनिटांत काहीतरी बिघडायचं. एका दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकून दिलं आणि पाचशे रुपये घेतले. आठवडाभराने पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या. अठरा हजार." त्याने खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं! अठरा हजार म्हणजे धाकटीच्या पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे. पोरगा काही बोलला नाही. पण हळूहळू जेवायला ताटावर येईनासा झाला, ताट खोलीत न्यायला लागला. मला कॉम्प्युटरपेक्षा त्याची काळजी वाटायला लागली.

दुधाचं खातं, कॉम्प्युटरचं खातं

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण हिशेब कळतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझी दुधाची खाती असतात, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख असते, कामवाल्या बाईंचे खाडे असतात. सिलिंडर नेहमीपेक्षा लवकर संपला तर मी आधी कॅलेंडर बघते. कधी पाहुणे होते, कधी दिवाळीचा फराळ होता, कधी नळीच सैल होती.

एके दिवशी मी त्याला म्हटलं, "काय होते, केव्हा होते, तेवढं सांग. मी लिहिते." तो आधी हसला. मग त्याने समजावलं, की बंद पडण्याचे तीन प्रकार आहेत. कधी फक्त गेम बंद होतो, बाकी सगळं चालू राहतं. कधी पडदा निळा होतो आणि इंग्रजीत काही लिहून येतं. आणि कधी काही न सांगता अख्खं मशीन खटकन बंद पडून पुन्हा सुरू होतं. इतके दिवस आम्ही तिन्हींना एकच नाव देत होतो, 'गेलं'! ताप, खोकला आणि पोटदुखीला एकच गोळी द्यावी, तसलाच प्रकार.

मग खुणा ठरल्या. गेम बंद झाला तर गोल, निळा पडदा आला तर चौकोन, मशीन बंद पडलं तर फुली. पुढे वेळ आणि दोन शब्द. नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा आणि चार दिवस वाट बघायची. भाजी बिघडली म्हणून मीठ, तिखट, गूळ एकदमच टाकलं, तर सुधारली कशाने हे कधीच कळत नाही.

काळी धूळ आणि लाल ओळी

पहिल्यांदा खोकं उघडलं. आत बघते तर पंख्यांवर काळसर थर! चंद्रपूरकर बायकांना हे सांगायला नको. सकाळी पुसलेला ओटा संध्याकाळी बोटाला काळा लागतो. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, पलीकडे महाऔष्णिक वीज केंद्र. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं होतं. तीच हवा कॉम्प्युटरचे पंखे दिवसभर आत ओढतात.

प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा असतो. तो प्रोसेसरची उष्णता घेतो आणि पंखा ती हवेत सोडतो. पात्यांत धूळ बसली की हवा जात नाही. त्यातही एक साधी गोष्ट मला मुलाने सांगितली. पंखा कितीही फिरला तरी मशीन खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. म्हणजे पुण्यात खोली तीस अंशांवर आणि आमच्याकडे मे महिन्यात चाळिशीवर, तर आमचं मशीन दहा अंशांनी मागूनच पळणार. फार तापलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. आपण उन्हात दोन पावलं चालून सावलीला टेकतो, तसंच.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, गरगर फिरू द्यायची नाहीत. प्रोसेसर आणि पात्यांच्या मधली पेस्ट बदलली. ती तुरीच्या दाण्याएवढी पुरते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. फुल्या कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. गोल आणि चौकोन तर तसेच.

मग रॅम. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट नावाची तपासणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी दूध तापवायला उठले तर पडद्यावर लाल ओळीच लाल ओळी. एक पट्टी काढून तपासलं, मग दुसरी. एक निर्मळ निघाली. दुसरी कुठल्याही खाचेत घातली तरी लाल ओळी देणारी. पट्टी वॉरंटीत होती, बदलून मिळाली. कॅलेंडरवरचे गोल आणि चौकोन गेले ते गेलेच. आणि नवीन ग्राफिक्स कार्डाचे अठरा हजार वाचले.

तेव्हाच मुलाने मला एक बातमी सांगितली. २०२४ साली जगभर इंटेल कंपनीच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत होते. पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायचे, आणि दोष होता प्रोसेसरमध्ये. प्रोसेसर नको इतका व्होल्टेज मागून घेत होता. कंपनीने त्या जुलैत ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या प्रोसेसरना आधीच इजा झाली होती, ते त्या सुधारणेने बरे होणारे नव्हते. आमचा प्रोसेसर त्यातला नव्हता, पण मला एक गोष्ट कळली. मशीन ज्याच्याकडे बोट दाखवतं, तोच गुन्हेगार असतो असं नाही.

माहेरची आठ दिवसांची रजा

आता उरल्या फक्त फुल्या. विंडोजच्या नोंदीत दर वेळी एकच ओळ, 'कर्नल-पॉवर ४१'. मुलगा म्हणाला, "याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता गेलं. काऊन गेलं, ते नाही सांगत."

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मी आठ दिवस माहेरी गेले, आरमोरीला. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव. भावाकडेही भाच्याचा कॉम्प्युटर आहे, पण त्याचं दुखणं वेगळं. वारा-वादळ सुटलं की वीज जाते, येताना झटका देऊन येते. म्हणून त्याने आधी यूपीएस घेतला. गेल्या पावसाळ्यात तरी त्याचं मशीन बंद पडलंच. उघडून पाहिलं तर आत पाल मरून पडलेली! तेव्हापासून कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या फटींना त्याने बारीक जाळी लावली आहे.

परत आले तर मुलगा दारातच म्हणाला, "आई, तू नव्हती तर एकदाही बंद नाही पडला!"

"म्हणजे घरातला व्हायरस कोण, ते सापडलं," हे म्हणाले आणि दोघं खो-खो हसले. मीही हसले. पण चहा ठेवता ठेवता नजर कॅलेंडरवर गेली आणि हसू थांबलं. मार्चअखेरपासूनच्या सगळ्या फुल्या संध्याकाळी सात ते साडेआठच्या. रविवारी दोन-दोन, कारण रविवारी मी आठवड्याचे कपडे काढते. लग्नाचे आठ दिवस कोरे. त्या आठ दिवसांत घरात कोणी इस्त्री केली नव्हती.

मार्चअखेरीस काय झालं होतं? माळ्यावरून कूलर उतरला होता. त्याने बैठकीतली माझी इस्त्रीची जागा घेतली आणि मी इस्त्री आतल्या खोलीच्या दाराशी आणली. मुलाच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर. कूलरची वायरही तिथेच.

मुलाने पेन्सिल घेतली. इस्त्री एक हजार वॉट, कूलर दोनशे, गेम चालू असताना कॉम्प्युटर चारशे. सोळाशे वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ सात अँपिअर. आणि भिंतीतला पॉइंट सहा अँपिअरचा. इस्त्री सारखी तापत नाही, आतलं थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करतं. ती दर वेळी चालू झाली की त्या लाइनवर विजेला झोल बसायचा. साधं काम करताना कॉम्प्युटर थोडीच वीज ओढतो, म्हणून एसएमपीएस तो झोल पचवून न्यायचा. गेम भरात असला की त्याला तो पेलायचा नाही. म्हणून फक्त गेमच्या वेळी बंद! गेमचा दोष एवढाच, की तो त्या वेळी जास्त वीज मागत होता.

भिंतीतला काळा डाग

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. मेन बंद करून त्याने पॉइंट उघडला आणि मला हाक मारली. "वहिनी, हे पाहा. आतून जळून रायला हा."

प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. पितळी पत्ती सैल, वायरचं वेष्टण कोळशासारखं काळं. सैल जोडातून जास्त वीज गेली की तो जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. पॉइंटपासून हातभर अंतरावर खिडकीचा पडदा. आणि त्याच खोलीत रात्री दोन्ही मुलं झोपायची.

मी मटकन खाली बसले. तीन महिने त्या खोक्याला शिव्या दिल्या. खरं म्हणजे घरातलं तेच एक असं मशीन होतं, जे रोज संध्याकाळी ओरडून सांगत होतं, की तुमच्या भिंतीत काहीतरी जळतंय. इस्त्री नाही बोलली, कूलर नाही बोलला. आणि ज्या गावात २९२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, त्या गावात माझ्या घरातला एक पॉइंट मला सांभाळता आला नव्हता.

पॉइंट आणि वायर बदलून घेतली. इस्त्रीला आणि कूलरला वेगळे पॉइंट केले. वायरमनने जाता जाता अर्थिंगही तपासून दिलं. सगळा मिळून खर्च तेवीसशे रुपये. त्यानंतर कॅलेंडरवर एकही फुली नाही.

त्या रात्री मी मुलाच्या खोलीत ताट घेऊन गेले, दोघांचं. "गेममुळे होते म्हणत होती मी. चुकलं माझं," म्हटलं. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मीपण ग्राफिक्स कार्डालाच शिव्या देत होतो." मग गेम थांबवून जेवायला बसला. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा स्वयंपाकघरात जेवायला यायला लागला. गेम किती वेळ खेळायचा, यावर आमचं भांडण अजून आहेच. पण ते आता खऱ्या कारणावरून होतं.

तुमच्याही घरी असं होत असेल तर…

• फक्त गेम बंद होतो, निळा पडदा येतो की मशीनच बंद पडतं, ते आधी वेगळं लिहा. वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होतं, तेही.

• एकच गेम बंद पडत असेल तर आधी त्या गेमच्या फाइल तपासा आणि ग्राफिक्सचं ड्रायव्हर नव्याने टाका. सगळेच गेम पडत असतील तर रॅम तपासा. रॅमचा वेग वाढवलेला असेल तर मूळ जागी आणा.

• आमच्या भागात उन्हाळ्याआधी एकदा धूळ काढाच. मशीन बंद करून, प्लग काढून, कोरड्या ब्रशने. ओलं फडकं नको. कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर नको.

• एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

• इस्त्री, कूलर, गीझर कॉम्प्युटरच्या बोर्डावर लावू नका. प्लग गरम लागला, पॉइंट काळा दिसला, जळका वास आला किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवा. ते काम उद्यावर टाकू नका.