कण सापडण्याआधीचं काम

आधी गळती तपासायची. बेकेलाइटचे दोन मोठे पत्रे, प्रत्येक दोन मिलिमीटर जाड, आणि त्यांच्यामध्ये दोनच मिलिमीटरची पोकळी. ती सगळीकडे सारखी राहावी म्हणून आत ठरावीक अंतरावर छोट्या चकत्या चिकटवलेल्या असतात. पोकळीतला दाब किंचित वाढवायचा आणि मापकाकडे बघत थांबायचं. दाब घसरला तर कड कुठेतरी गळते आहे. चकती सुटली असेल तर तिथे पत्रा फुगतो. अंतर बदललं की विद्युतक्षेत्र बदलतं, आणि असा तुकडा पुढच्या कामातून बाद होतो.

चंडीगडच्या सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात हे काम झालं ते जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगासाठी. २०१३-१४ मध्ये एलएचसी हा महाकाय त्वरक बंद होता. त्या काळात सीएमएसच्या दोन्ही टोकांना म्युऑन नावाचे कण टिपणाऱ्या १४४ डिटेक्टरांचा नवा थर बसवला गेला. पोकळ्या दक्षिण कोरियातून आल्या. डिटेक्टरांची जुळणी आणि चाचणी सर्न, बेल्जियममधलं गेंट, मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि चंडीगड यांनी वाटून घेतली.

या डिटेक्टरला रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर म्हणतात. प्रयोगशाळेत त्याचं नाव फक्त ‘आरपीसी’. पोकळीत खेळवलेल्या मिश्रणात सुमारे ९५ टक्के वाटा मोटारींच्या एसीत वापरतात त्या आर-१३४ए वायूचा असतो. पत्र्यांवर साडेनऊ हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब दिला जातो. म्युऑन आरपार गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि तांब्याच्या पट्ट्यांवर संकेत उमटतो. बेकेलाइट कोरडं पडलं तर त्याचा विद्युतरोध वाढतो, म्हणून वायूत मुद्दाम ओलावा मिसळावा लागतो.

चाचणीसाठी चंडीगडमध्ये वेगळा त्वरक लागत नाही. म्युऑन आकाशातून येतच असतात: जमिनीवरच्या दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक. आरपीसीच्या वर आणि खाली, कण गेला की प्रकाश देणारे सिंटिलेटर ठेवायचे. दोघांनाही एकाच क्षणी कण दिसला, तर मधल्या आरपीसीलाही तो दिसायला हवा. दिसला का? व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत हाच प्रश्न हजारो म्युऑनांना विचारायचा. दर वेळी कार्यक्षमता किती, आणि कण नसताना उमटणारे खोटे संकेत किती, याची नोंद होते. आलेख चढतो आणि एका जागी सपाट होतो. डिटेक्टर कोणत्या व्होल्टेजवर चालवायचा, ते तिथे ठरतं.

एवढी चिकाटी का, याचं उत्तर सीएमएसच्या वेगात आहे. तिथे सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात. त्यातल्या जेमतेम एक लाख घटना पहिल्या चाळणीत टिकतात, आणि तो निर्णय चार मायक्रोसेकंदांच्या आत होतो. त्या निर्णयात आरपीसीच्या वेळेच्या अचूकतेचा हात असतो. इथे गाळली गेलेली टक्कर कुठेही साठवलेली नसते. नंतर कितीही हुशार विश्लेषण केलं तरी ती परत मिळत नाही. म्हणूनच प्रायोगिक कणभौतिकीत खरं धाडस आधी घडतं: कण येण्यापूर्वी यंत्रावर विश्वास ठेवता यावा इतकं ते ओळखून घेणं. हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी जगाने ऐकली. तिच्यामागे अशा तपासण्यांची कितीतरी वर्षं उभी होती.

या कामातल्या संशोधक विद्यार्थ्याचं आयुष्यही याच लयीवर चालतं. काही महिने सर्नमध्ये, नियंत्रण कक्षात आठ-आठ तासांच्या पाळ्या. मग चंडीगडला परत, संगणकावर विश्लेषण. जिनिव्हाची दुपारची बैठक इथे संध्याकाळी येते, कारण घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. शोधनिबंधावर नाव येतं ते वर्णानुक्रमे, हजारोंच्या यादीत. २०१५ मध्ये अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानावर लिहिलेल्या निबंधाचे ५,१५४ लेखक होते. त्यात कोणी वायूची गळती शोधली आणि कोणी शेवटचं गणित केलं, हे यादी सांगत नाही. दोघांशिवाय तो निबंध झाला नसता.

चंडीगडचा हात सीएमएसमध्ये त्याआधीपासून आहे. चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर हॅड्रॉन कॅलरीमीटरचा जो थर आहे, तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पंजाब विद्यापीठाने मिळून उभारला. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा तो मोजतो. त्यात प्लास्टिक सिंटिलेटरच्या २,७३० फरश्या आहेत, तब्बल ९५ वेगवेगळ्या मापांच्या. प्रत्येकीत चार खाचा, खाचांत मिलिमीटरहूनही बारीक प्रकाशतंतू, आणि वरून बाहेरचा उजेड अडवणारं काळं वेष्टन. प्रकाश टिपणारे मूळ संवेदक चुंबकाच्या बाहेर पसरलेल्या क्षेत्रात त्रास देऊ लागले, तेव्हा २०१३-१४ च्या त्याच विरामात त्यांच्या जागी सिलिकॉनचे संवेदक आले. फरश्या बदलाव्या लागल्या नाहीत. पुढच्या टकरींतला प्रकाशही त्याच तंतूंतून नव्या संवेदकांपर्यंत पोचू लागला.